झिराडकरांची सही

जवळ सरकून बसा, वारा सुटलाय. सारित, तो रेडिओ बंद कर बाळ. आणि दोव, तू सैन्यात आहेस, तुला भीती वाटत नाही, ठाऊक आहे मला. तरी पाठ भिंतीला लावूनच बस.

"नु, सबा," सारित म्हणते, "खरी की बनवलेली?"

बनवायला अक्कल लागते, पोरी. तुझा हा आजोबा दुसरीत शाळा सोडलेला माणूस. इस्रायलला आल्यावर बेर्शेबाला त्या पाण्याच्या संस्थेत बारा वर्षं लादी पुसली, तेवढंच माझं शिक्षण. डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. बाकीचं अमोसने माझ्यापाशी बसून सांगितलं, ते त्याच्या तोंडचं. अमोस म्हणजे आपल्या डिमोनातलाच, मागच्या गल्लीतल्या पेणकरांचा. हल्ली कुणाशी फारसा बोलत नाही. का बोलत नाही, ते आज ऐका.

साल १९८६, मार्चची चौदा तारीख, शुक्रवार. सकाळी अमोस पोस्टात एक पार्सल सोडवायला गेला होता. ऊन कोवळं होतं. पार्सल अमेरिकेचं, जेवणाच्या ताटाएवढं, चपटं. आत प्लास्टिकचा गोल डबा, डब्याभोवती पिवळी पट्टी घट्ट बसवलेली, आणि डब्यात टेपचं रीळ. सोबत एक चिठ्ठी.

संस्थेत तेव्हा एक कंप्युटर होता. दोन कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढा. त्याच्या पोटात सगळ्यांची कामं, आणि सगळ्यांचं टपालही. इथे बसून पत्र टाईप करायचं, ते फोनच्या तारेतून हैफाला जायचं, अमेरिकेलाही जायचं. पोस्टमन नाही, पाकीट नाही. आम्हां लादी पुसणाऱ्यांना ती जादूच वाटायची. पण त्या टपालाच्या प्रोग्रॅमला एक भोक होतं. बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीला एक मागचं दार ठेवलेलं, आणि ते लावून घ्यायला विसरलेले. बाहेरून फोन जोडून एक ठराविक शब्द टाईप केला, की मशीनला वाटायचं मालकच आला. मग तो म्हणेल ते करायचं. ते दार बंद करायचा इलाज त्या रिळावर आला होता. साहेब लोक त्याला पॅच म्हणायचे.

"पॅच म्हणजे ठिगळ रे," हिलेलकाका म्हणाला. "नीट लावलं तर कपडा आणखी दहा वर्षं जातो."

हिलेल झिराडकर. मूळचा अलिबागकडचा, मग मुंबईच्या तारखात्यात वीस वर्षं. विचारात पडला की बोटं टेबलावर वाजायची. टक… टक-टक… टक. तार पाठवतोय जणू. कार्बनवर लिहायची सवय, म्हणून पेन असं दाबायचा की सही पानाच्या मागून बोटाने चाचपावी. आणि सही मराठीत. सगळं रजिस्टर हिब्रूत, त्यात याचं एकट्याचं "हि. झिराडकर". मला तेवढंच काय ते वाचता यायचं. अमोसला त्या नोकरीत चिकटवला तोही त्यानेच. "पोरगा आपला आहे," असं साहेबाला जाऊन सांगितलं होतं.

आता नियम असा. मशीनला काही केलं की रजिस्टरमध्ये ओळ लिहायची. एका रकान्यात काम करणाऱ्याची सही, दुसऱ्यात काम तपासणाऱ्याची. करणारा अमोस, तपासणारा हिलेलकाका. पण त्या दिवशी तिकवाबाई मशीनवर बसलेल्या. त्या वाळवंटातल्या विहिरींचं पाणी मोजायच्या, सहा वर्षांचं मोजमाप त्या मशीनमध्ये होतं. त्या तीनला उठणार. मग टपाल बंद करून ठिगळ लावायचं, दोन तासांचं काम. साडेपाचच्या सुमाराला शब्बाथ लागणार, मग शनिवार रात्रीपर्यंत काम बंद. वेळ पुरत होता, पण तोवर डिमोनाची शेवटची बस निघून गेलेली. म्हणजे लावणाऱ्याने रात्र बेर्शेबातच काढायची.

"मी राहतो की काका," अमोस म्हणाला. "तुम्ही निघा. काकी वाट बघेल."

काकाने घड्याळ बघितलं. एक वाजला होता. "आणि माझी सही? तू लावशील तेव्हा मी इथे नसणार. आणि शब्बाथचे दिवे लागल्यावर मी पेन हातात धरत नाही, तुला माहीत आहे. आपण शनवार तेली, बाबा, शनिवारी घाणा न फिरवणारे. घाणा सुटला की सुटला."

"मग रविवारी करा."

"रविवारी कचेरी उघडताच साहेब रजिस्टर मागेल. आण इकडे. तू लावलंस म्हणजे मी बघितल्यासारखंच." आणि त्याने कोऱ्या ओळीच्या शेवटी, तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली. दाबून. मग टोपी घातली नि बस पकडायला गेला.

सगळ्या जन्मात त्या माणसाने न बघता केलेली सही ती एवढीच.

दोन वाजता फोन वाजला. अमोसचा धाकटा भाऊ, मेईर. चार महिने सैन्याबरोबर लेबनॉनात होता.

"अरे, मी घरी आहे! उद्या रात्री परत जायचंय. आईने मलिदा मांडलाय, तू येतोस ना?"

"काम आहे रे."

"काम काय पळून जातंय? ही बघ, आई बोलते."

आई फोनवर नुसती रडत होती. लेकरू सुखरूप उंबऱ्यात आलं की एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, असा तिचा नवस होता, आणि तो शब्बाथ लागायच्या आत फेडायचा होता.

तीन वाजता तिकवाबाई उठल्या. सव्वातीनची शेवटची बस. अमोस डबा हातात घेऊन उभा. त्याने स्वतःची समजूत घातली: शनिवारी कोण येतंय त्या भोकातून? जगात कुणाला ठाऊक तरी आहे का? रविवारी पहाटे सहालाच येऊ, साहेब यायच्या आत लावून टाकू. रजिस्टर उघडंच होतं. काकाची सही झालेली, तिच्या शेजारचा रकाना रिकामा. तो रिकामा बरा दिसेना. अमोसने लिहिलं: ठिगळ लावलं, वेळ पाच. खाली सही ठोकली. डबा कपाटात सारला, आणि बस पकडली.

नुसती फोनची वायर भिंतीतून उपटून ठेवली असती, पोरांनो, तरी भागलं असतं. एवढंच. अमोस हे मला इतक्यांदा म्हणाला… इतक्यांदा, की मी मोजायचं सोडलं.

घरी भिजवलेले पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. सगळ्यांनी हन्नाबीचं नाव घेतलं. मेईरने अमोसच्या हातावर मलिदा ठेवला. त्याने तो खाल्ला, आणि हातावरचं घड्याळ बघितलं.

रविवारी पहाटे सहाला तो आला, तेव्हा मशीनवरचे निम्मे दिवे विझलेले होते. कुणीतरी येऊन गेलं होतं. कोण, कुठून, ते आजतागायत कळलं नाही. टपालपेट्या सगळ्या पुसलेल्या. आणि तिकवाबाईंच्या विहिरी… सहाही वर्षं. एक आकडा उरला नव्हता.

तेव्हा तरी खरं बोलायचं. पण भीती माणसाचा हात धरते आणि आपल्याला हवं ते करून घेते. अमोसने कपाटातून तो डबा काढला. पिवळी पट्टी तोडली. डबा उघडा करून टेबलावर ठेवला, वापरल्यासारखा. पट्टी खिशात घातली.

तेल अवीवहून दोन माणसं आली. त्यांनी मशीन धुऊनपुसून जुन्या रिळांवरून जमेल तेवढं परत भरलं, आणि ठिगळही स्वतः लावलं. आधी लागलं होतं की नव्हतं, हे सांगायला मग काहीच शिल्लक राहिलं नाही. राहिलं ते रजिस्टर.

चौकशीला शलोमो साहेब, हिलेलकाका आणि अमोस. मी दाराबाहेर बादली घेऊन.

"तू लावलंस?" साहेबाने अमोसला विचारलं.

"लावलं. टेप खराब असेल."

"आणि झिराडकर, तुम्ही तपासलंत?"

काकाने अमोसकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, बाप पोराकडे बघतो तसं. वाट बघत होता. अमोसने जमिनीवरच्या फरशा मोजल्या.

"सही माझी आहे," काका म्हणाला.

"तपासलंत का, ते विचारतोय."

"नाही. न तपासता केली."

झालं. तपासणाऱ्यानेच तपासलं नाही, सगळं त्याच्यावर आलं. साहेबाने त्या पानाची झेरॉक्स काढून फाईलला लावली. महिनाअखेर काकाला घरी पाठवलं. जाताना पायऱ्यांवर त्याने अमोसला थांबवलं. टक-टक… कठड्यावर बोटं वाजत होती.

"अमोस, ठिगळ लागलं होतं ना रे?"

"हो, काका."

"मग ठीक. मग माझंच चुकलं. मी बघायला हवं होतं."

आठ महिने तो डिमोनात याच रस्त्यावरून सिनेगॉगला जायचा, तुम्ही बघितला असेल. मान खाली घालून. तिकवाबाई एकदा बाजारात समोर आल्या, तर हा पिशवी टाकून दुसऱ्या गल्लीत वळला. डिसेंबरच्या दोन तारखेला, मंगळवारी, झोपेतच गेला. अमोस मातीला आला, सातही दिवस सुतकाला बसला. दर दिवशी ठरवून यायचा, आज काकाच्या बायकोला, रिबेकाकाकीला, सांगायचं. आणि दर दिवशी चहा पिऊन घरी जायचा.

त्या प्रकारानंतर साहेबाने नियम केला होता: शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत कुणीतरी मशीनपाशी हवंच. ती ड्युटी अमोस आपणहून मागून घ्यायचा. लोक म्हणायचे, काय कामसू पोरगा!

आता नीट ऐका.

जानेवारीची तीन तारीख, शनिवार. हिलेलकाकाच्या सुतकाचे तीस दिवस होऊन गेलेले. अमोस एकटा. मशीनपुढे एक टाईपरायटर असायचा, मशीनला काही सांगायचं असलं की तो आपोआप कागदावर छापायचा. तो खडखडला. अमोसने कागद बघितला. टपाल आलं होतं. पाठवणारा: हिलेल. ते नाव मशीनमधून खोडलं, त्याला नऊ महिने झाले होते. आत एकच ओळ. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी.

अमोस, ठिगळ लागलं का?

कुणाची तरी मस्करी, त्याला वाटलं. पण कुणाची? त्या संस्थेत मराठी कळणारे आता दोघेच. एक तो, आणि एक मी. आणि मला, बाबांनो, इंग्रजी ए सुद्धा काढता येत नाही. त्याने कागद फाडून टोपलीत टाकला. मीच झाडून नेला असेन.

दहा तारखेला पुन्हा. तीच ओळ.

या खेपेला त्याने वेळ बघितली. मशीनच्या नोंदीत आधीचा पाच सव्वीसला आला होता, हा पाच एकतीसला. भिंतीवर सिनेगॉगचं कॅलेंडर होतं. त्याने सहज बोट फिरवलं. तीन तारीख, शब्बाथ सुटण्याची वेळ: पाच सव्वीस. दहा तारीख: पाच एकतीस. बोट तिथेच राहिलं. पुढच्या आठवड्याची वेळ होती पाच सदतीस.

सतरा जानेवारी, शनिवार.

पाच वाजता अमोसने दाराला आतून कडी घातली. मग जे दहा महिन्यांपूर्वी करायचं होतं ते केलं. फोनची वायर भिंतीतून उपटली. आता बाहेरून मुंगीसुद्धा त्या मशीनमध्ये शिरली नसती. वायर हातात धरून तो खुर्चीवर बसला.

बाहेर अंधार पडला. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटतो. एक चांदणी. दोन.

पाच पस्तीस… छत्तीस…

तिसरी चांदणी त्याला खिडकीतून दिसली नाही. टाईपरायटर खडखडला.

अमोस, ठिगळ लागलं का?

वायर हातातच होती. टोक लोंबत होतं.

तो किती वेळ बसून राहिला, त्यालाच सांगता येत नाही. मग त्याने बोटं पुढे केली. टाईप केलं: हो, काका.

शांत.

वाटलं, संपलं.

खडखड. मग मी बघू?

आणि मागे… मशीनच्या पत्र्यावर… टक.

टक-टक.

अमोस वळला नाही.

टक… टक-टक… टक. जवळ. कपाटाच्या या बाजूला. कुणीतरी काम तपासायला यावं, तसं. सावकाश. घाई नाही. एकेका दिव्याशी थांबत. अमोसला पाठीमागे श्वास ऐकू आला, म्हातारा, दमलेला. खुर्चीच्या पाठीवर वजन पडलं. खुर्ची करकरली.

कुणी हात लावला नाही. नुसतं खांद्यावरून बघत होतं. वाट बघत होतं… तसंच. त्या दिवशी साहेबापुढे बघितलं होतं, तसंच.

एकेक अक्षर शोधून अमोसने टाईप केलं.

नाही लागलं, काका. मी लावलंच नाही. मी बसने घरी गेलो.

खुर्चीच्या पाठीवरचं वजन गेलं.

बस्स. पुढे काही नाही. ना खडखड, ना टकटक. आणि तेच त्याला सोसेना, बरं का. रागवायला हवा होता, म्हणतो. एक शिवी तरी द्यायला हवी होती.

त्याच रात्री पहिल्या बसने तो डिमोनाला आला, आणि घरी न जाता रिबेकाकाकीच्या दारात उभा राहिला. काकीने दार उघडलं. त्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. बस, मलिदा, पट्टी, सगळं. पट्टी अजून त्याच्या पाकिटात होती, ती काढून तिच्यापुढे धरली.

काकीने पट्टीला हात लावला नाही.

"ते रात्रीचे उठून बसायचे," ती म्हणाली. "मी बघायला हवं होतं, मी बघायला हवं होतं, एवढंच चालायचं. मी म्हणायचे, अहो, पोराने तर नसेल ना चुकवलं? तर माझ्यावर ओरडायचे. म्हणायचे, अमोस खोटं बोलणार नाही."

"काकी, मला माफ…"

"तू नोव्हेंबरात यायचं होतंस, बाबा. नोव्हेंबरात ते होते." तिने पदराने डोळे पुसले. "मला सांगून आता काय? जिथे लिहिलंस तिथे जाऊन सांग."

आणि तिने दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आठ वाजता अमोस शलोमो साहेबाच्या खोलीत गेला. मी तिथे लादी पुसत होतो. मला बाहेर जा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. अमोसने टेबलावर पट्टी ठेवली आणि बोलत गेला. साहेब ऐकत होता. चेहरा उतरत चाललेला. शेवटी तो म्हणाला, "मी त्या म्हाताऱ्याला तुझ्या शब्दावर घालवला?"

"माझ्या आणि त्यांच्या सहीवर," अमोस म्हणाला. "सही त्यांनी आधी केली होती. माझ्या भरवशावर. पानावर वेळ मी घातली, पाचची. त्या वेळी ते घरी होते, दिवे लावत होते. हे मी तेव्हा बोललो असतो तर…"

साहेबाने किल्ली काढली. रजिस्टर लोखंडी कपाटात असायचं, किल्ली एकच, त्याच्याच खिशात. मार्च महिना काढला. पानं उलटली. एका पानावर थांबला.

मग त्याने फाईल काढली. फाईलमधली झेरॉक्स काढली. दोन्ही शेजारी ठेवली. एकदा रजिस्टर बघितलं, एकदा झेरॉक्स.

"जेकब," तो मला म्हणाला. आवाज असा, की मी पोतेरं तिथेच टाकलं. "तुला त्यांची सही ओळखता येते ना? इकडे ये."

मी हात पुसून गेलो. झेरॉक्सवर सही होती. हि. झिराडकर. काळी, ठसठशीत. तीच ओळ रजिस्टरमध्ये बघितली. चौदा मार्च. अमोसची सही होती. वेळ होती, पाच. त्याच्या पुढचा रकाना…

आधीच्या पानावर काकाची सही होती. त्याच्याही आधीच्या पानावर होती. शेकडो पानांवर होती, मी उलटून उलटून बघितली. त्या एका ओळीतच नाही. खाडाखोड नाही, रबर घासल्याची खूण नाही, शाई धुतल्याचा डाग नाही.

मला हिब्रू वाचता येत नाही, पण बोटाला कळतं. मी पान उचललं आणि मागून अंगठा फिरवला. इतर ओळींशी अंगठा अडत होता. त्या ओळीवरून सरळ गेला… जसं तिथे कधी कुणी पेन टेकवलंच नव्हतं.